व्यसन, शील आणि उपचार : रूढ परिभाषेची चिकित्सा

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांतून आणि विहारांतून काही नवे शब्द कानी पडू लागले आहेत. डिपेंडन्स, डिटॉक्स, रिलॅप्स, रिकव्हरी, ड्युअल डायग्नोसिस, कव्हरेज, एक्सक्लूजन हे त्यांपैकी काही होत. रुग्णालयाच्या कागदावर, व्यसनमुक्ती केंद्राच्या प्रवेशपत्रावर आणि विम्याच्या पुस्तिकेत ते छापलेले असतात. व्यसन, व्यसनमुक्ती, मनोरुग्ण, समुपदेशन, पुनर्वसन हे आपले रूढ शब्द त्यांच्या शेजारी बसलेले असतात. ज्या घरात दारूने ठाण मांडले आहे, त्या घरातील पत्नीला, आईला किंवा मुलाला या कागदांवर सही करावी लागते. शब्दांचा अर्थ मात्र त्यांना क्वचितच कोणी समजावून सांगतो.

प्रस्तुत लेखात या परिभाषेची चिकित्सा करण्याचा आमचा हेतू आहे. आमचा अभ्यास पालि वाङ्मयाचा आहे. कोणता उपचार घ्यावा हे सांगण्याचा अधिकार वैद्यांचा. शब्द कोठून आला, त्याने पूर्वी कोणते काम केले आणि आज तो कोणते काम करीत आहे, हे तपासणे आमच्या अभ्यासाच्या कक्षेत येते. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : शीलाची भाषा, वैद्यकाची भाषा आणि विम्याची भाषा या तीन वेगळ्या भाषा आहेत. एकीचा शब्द दुसरीच्या जागी वापरला गेला की त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. आपल्या समाजात शीलाचा शब्द वैद्यकाच्या जागी फार सहजपणे वापरला जातो, आणि तेथेच या चिकित्सेची खरी गरज आहे.

'व्यसन' या शब्दाचा प्रवास

'वि' हा उपसर्ग आणि 'अस्' म्हणजे फेकणे हा धातू यांपासून 'व्यसन' हा शब्द सिद्ध झाला. विखरून जाणे, नाश पावणे, आपत्तीत सापडणे हा त्याचा जुना अर्थ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील आठवे अधिकरण व्यसनांविषयीच आहे, आणि त्यात राजा, अमात्य, दुर्ग, कोश, सैन्य यांवर येणाऱ्या संकटांचा विचार केलेला आहे. त्याच अधिकरणात माणसाच्या काम आणि क्रोध यांतून उत्पन्न होणाऱ्या दोषांचाही समावेश आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाची अठरा व्यसने सांगितली आहेत. दहा कामजन्य आणि आठ क्रोधजन्य. येथे 'आपत्ती' हा अर्थ मागे पडून 'दुर्गुण' हा अर्थ पुढे आला. आजच्या मराठीला हाच दुसरा अर्थ मिळाला. म्हणून मराठीत 'व्यसनी' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम निवाडा उभा राहतो; करुणा आली तर मागाहून येते.

पालि भाषेत हा शब्द 'ब्यसन' असा येतो आणि त्याने आपला जुना अर्थ सोडलेला नाही. अंगुत्तरनिकायात पाच ब्यसने सांगितली आहेत : ञातिब्यसन, भोगब्यसन, रोगब्यसन, सीलब्यसन आणि दिट्ठिब्यसन. म्हणजे आप्तांची हानी, संपत्तीची हानी, रोगाने होणारी हानी, शीलाची हानी आणि दृष्टीची हानी. दारूच्या आहारी गेलेल्या माणसाच्या घरी जाऊन पाहिले तर ही पाचही ब्यसने तेथे एकत्र नांदताना दिसतात.

या सूत्राचा आधार घेऊन 'बुद्धांनी व्यसनाला केवळ रोग मानले' असे कोणी लिहील, तर ते मात्र आम्हाला मान्य करता येणार नाही. त्याच सूत्रात पहिली तीन ब्यसने आणि शेवटची दोन यांत स्पष्ट भेद केलेला आहे. आप्त, संपत्ती वा आरोग्य यांच्या हानीने प्राण्याची दुर्गती होत नाही. शील आणि दृष्टी यांच्या हानीने होते, असे ते सूत्र सांगते. म्हणजे रोगब्यसन आणि सीलब्यसन ही एकाच यादीत असली, तरी एक नव्हेत. ती एकाच माणसाच्या ठिकाणी एकाच वेळी असू शकतात, आणि तरीही त्यांचा विचार वेगवेगळा करावा लागतो. मराठीतील एकट्या 'व्यसन' शब्दाने हा भेद पुसून टाकला आहे.

वैद्यकाने शब्द का बदलले

वैद्यकाच्या भाषेतही हा प्रश्न उपस्थित झाला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९६४ साली 'अ‍ॅडिक्शन' आणि 'हॅबिच्युएशन' या शब्दांऐवजी 'डिपेंडन्स', म्हणजे अवलंबित्व, हा शब्द सुचविला. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली आपल्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत 'अब्यूज' आणि 'डिपेंडन्स' हे दोन वर्ग एकत्र करून 'पदार्थ-सेवनजन्य विकार' असा एकच वर्ग केला. त्यासाठी ११ निकष दिले. बारा महिन्यांच्या काळात त्यांपैकी २ किंवा ३ आढळले तर विकार सौम्य, ४ किंवा ५ आढळले तर मध्यम, ६ किंवा अधिक आढळले तर तीव्र मानला जातो. ठरविल्यापेक्षा जास्त पिणे, कमी करण्याचे प्रयत्न वारंवार फसणे, पूर्वीइतकाच परिणाम होण्यासाठी अधिक प्रमाण लागणे, बंद करताच शरीराने बंड करणे, हानी दिसत असूनही सेवन चालू राहणे, असे त्या निकषांचे स्वरूप आहे.

हे निकष नीट वाचले म्हणजे ध्यानात येते की येथे माणसाच्या चारित्र्याविषयी एक अक्षरही नाही. विचारले जाते ते एवढेच, की सेवनावरील त्याचा ताबा किती उरला आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत : धनहानी, कलहवृद्धी, रोगांची उत्पत्ती, अपकीर्ती, निर्लज्जता आणि प्रज्ञेचे दुबळेपण. यांतील शेवटचा परिणाम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या प्रज्ञेच्या बळावर माणसाने 'मी पिणार नाही' असे ठरवावयाचे, तीच प्रज्ञा मद्याने दुबळी होते. मग त्या माणसाला 'तू फक्त ठरव' असे सांगणे, म्हणजे पाय मोडलेल्याला 'तू चालत दवाखान्यात जा' असे सांगण्यासारखे आहे.

प्रतिज्ञा आणि डिटॉक्स

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. या एका प्रतिज्ञेने किती घरे सावरली याची गणती करता येणार नाही. तिचे महत्त्व कमी करण्याचा विचारही आमच्या मनात नाही. परंतु प्रतिज्ञेचे काम वेगळे आणि डिटॉक्सचे काम वेगळे.

डिटॉक्सिफिकेशन म्हणजे वैद्यकीय देखरेखीखाली शरीर दारूविना राहू लागेपर्यंतचा काळ सुखरूप पार पाडणे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू सोडली, तर काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप नाहीशी होते. पहिल्या एकदोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भान हरपून भ्रम होण्याची गंभीर अवस्था येऊ शकते, आणि उपचार न मिळाल्यास ती प्राणावर बेतते. यांना विथड्रॉवलची लक्षणे म्हणतात. विहारात सर्वांसमक्ष शपथ घ्यावयास लावून अशा माणसाला घरी पाठविणे आणि तिसऱ्या दिवशी तो बरळू लागला की 'बघा, याचे सोंग' असे म्हणणे, यात धर्मबुद्धी असली तरी प्रज्ञा नाही. अशा माणसाला आधी डॉक्टरांकडे न्यावे. प्रतिज्ञा त्यानंतरही घेता येते.

डिटॉक्स हा उपचाराचा आरंभ आहे. तो आठवडा-दोन आठवड्यांत संपतो. त्यानंतरचे समुपदेशन, औषधे, कुटुंबाचे साहाय्य आणि पुढील देखरेख यांना मिळून पुनर्वसन म्हणतात, आणि ते महिनोन्महिने चालते. 'व्यसनमुक्ती' या शब्दाने दिशाभूल होते ती येथे. 'मुक्ती' म्हटले की एकदाच घडणारी आणि कायमची घटना डोळ्यांसमोर येते. केंद्रातून सुटी मिळाली की माणूस मुक्त झाला असे घरचे समजतात. 'रिकव्हरी' या शब्दात चालू असलेल्या क्रियेचा अर्थ आहे. तिला आम्ही 'सावरणे' म्हणू. मराठीतील हा साधा शब्द येथे अधिक प्रामाणिक आहे.

रिलॅप्स : शीलभंग की आजाराचा टप्पा?

सावरत असलेला माणूस पुन्हा प्याला, की आपण म्हणतो, 'घसरला'. जी. अ‍ॅलन मार्लॅट आणि ज्युडिथ गॉर्डन या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात 'लॅप्स' आणि 'रिलॅप्स' असा भेद केला. एखाद्या प्रसंगी पिणे म्हणजे लॅप्स. पूर्वीच्या अवस्थेकडे पूर्णपणे परत जाणे म्हणजे रिलॅप्स. पहिल्यापासून दुसऱ्याकडे माणसाला ढकलणारी एक मोठी शक्ती म्हणजे अपराधाची भावना, असे त्यांनी दाखविले. 'नियम मोडला, मी नालायक ठरलो, आता सावरून काय उपयोग' या विचाराने तो पुढचा ग्लास उचलतो. समाजाने केलेला धिक्कार याच विचाराला खतपाणी घालतो.

आता आपल्या पाचव्या शीलाची रचना पाहावी. त्याला 'सिक्खापद' म्हटले आहे, म्हणजे शिकण्याचा नियम. 'वेरमणी' म्हणजे विरती, आणि 'समादियामि' म्हणजे मी ग्रहण करतो. क्रियापद वर्तमानकाळाचे आहे. उपासक ते प्रत्येक वंदनेच्या वेळी पुन्हा म्हणतो. जे एकदाच घ्यावयाचे आणि मोडले की संपले, अशी त्याची कल्पना असती, तर ते पुन्हा पुन्हा ग्रहण करण्याचे प्रयोजन उरले नसते.

भिक्षूंच्या विनयातील व्यवस्था तर अधिकच बोलकी आहे. कोसंबी येथे सागत नावाचा भिक्षू मद्य पिऊन पडला, त्या प्रसंगावरून मद्यपानाचा नियम घातला गेला. त्याच सागताने पूर्वी एका नागाला जिंकले होते. आता तो पाणसरड्याशी तरी झुंजू शकेल काय, असे भगवंतांनी भिक्षूंना विचारले. प्रश्न कठोर आहे. पण नियम कोणत्या वर्गात घातला ते पाहा. तो पाचित्तिय वर्गात आहे. दोष दुसऱ्या भिक्षूपाशी कबूल करावयाचा, आणि संघात राहावयाचे. ज्याने संघातून बाहेर पडावे लागते त्या पाराजिक वर्गात मद्यपान नाही. प्रव्रजित भिक्षूला संघाने ज्या दोषासाठी बाहेर काढले नाही, त्याच दोषासाठी आपण एखाद्या कामगार उपासकाला पंगतीतून आणि कार्यक्रमातून बाहेर काढावे, हे कोणत्या विनयात बसते?

चेतसिक रोग आणि मानसिक आजार

दुसरा मोठा गोंधळ 'मानसिक आजार' या शब्दाभोवती आहे. अंगुत्तरनिकायातील एका सूत्रात कायिक आणि चेतसिक असे दोन रोग सांगितले आहेत, आणि क्षीणास्रव अर्हत सोडल्यास क्षणभरही चेतसिक रोगापासून मुक्त असा प्राणी दुर्मीळ आहे, असे म्हटले आहे. हे वचन पुढे करून काही व्याख्याते सांगतात की सर्वच माणसे मनोरुग्ण आहेत आणि ध्यान हेच त्यावर औषध आहे. येथे चेतसिक रोग म्हणजे लोभ, द्वेष, मोह आदी क्लेश. नैराश्य, स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर विकार यांना तो शब्द लावता येत नाही. त्यांच्या जवळ जाणारे शब्द विनयात आहेत : 'उम्मत्तक' म्हणजे उन्मादग्रस्त, आणि 'खित्तचित्त' म्हणजे ज्याचे चित्त विस्कटले आहे असा. विनयाने या दोघांना आपत्तीतून वगळले आहे. विपश्यनेच्या शिबिरांतही गंभीर मानसिक विकार असलेल्यांना शिबिर योग्य ठरत नाही, अशी सूचना दिलेली असते. ध्यान औषधाच्या जागी ठेवणे हे धम्माच्याही विरुद्ध आहे आणि वैद्यकाच्याही.

गग्ग नावाच्या भिक्षूची हकिकत या संदर्भात प्रत्येकाने वाचावी. त्याला उन्माद झाला होता. उपोसथ त्याला कधी आठवे, कधी आठवत नसे. म्हणून संघाने त्याच्यासाठी रीतसर संमती करून त्याच्यावाचून उपोसथ करण्याची व्यवस्था केली, असे महावग्गात आहे. पुढे तो बरा झाला. तेव्हा काही भिक्षू उन्मादाच्या काळातील कृत्यांबद्दल त्याला पुन्हा पुन्हा दोष देऊ लागले. त्यावर संघाने त्याला 'अमूळ्हविनय' द्यावा, अशी व्यवस्था चुल्लवग्गात आहे. बरा झालेल्या माणसाला आजारपणातील वर्तनाचे टोमणे मारू नयेत, हा नियम अडीच हजार वर्षांपूर्वी लेखी-तोंडी कार्यवाहीसह सिद्ध होता, असे कोणी म्हटल्यास त्यातील 'लेखी' एवढा शब्द वगळून आम्ही ते मान्य करू.

येथे एक आक्षेप रास्त आहे : आजार म्हटले की जबाबदारी संपते काय? विनयाचे उत्तर 'नाही' असे आहे. जो उन्मादग्रस्त नव्हता, त्याला दिलेला अमूळ्हविनय अधर्म्य ठरतो. शिवाय विनयाने उन्मादाला दिलेली सूट नशेला दिलेली नाही. मद्य आहे हे न कळता प्यालेल्या भिक्षूलाही पाचित्तिय लागते. म्हणजे दारूच्या अमलाखाली पत्नीवर हात उगारणाऱ्याला 'आजारी आहे' म्हणून मोकळे सोडता येणार नाही. जबाबदारी राहते, उपचार नाकारण्याचे कारण मात्र ती होऊ शकत नाही.

'ड्युअल डायग्नोसिस' म्हणजे पदार्थ-सेवनाचा विकार आणि दुसरा मानसिक आजार एकाच माणसात एकत्र असणे. पुष्कळदा नैराश्यामुळे दारू वाढते आणि दारूमुळे नैराश्य वाढते. अशा वेळी एकावरच उपचार केल्यास दुसरा पहिल्याला परत आणतो. केंद्रात दाखल करताना 'येथे मानसोपचारतज्ज्ञ आहेत काय' हा प्रश्न म्हणूनच विचारला पाहिजे.

औषधांविषयीचा गैरसमजही येथेच नोंदवावा. अफूजन्य पदार्थांच्या अवलंबित्वावर ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध दिले जाते, तेव्हा 'एक नशा सोडवून दुसरी लावली' असे म्हटले जाते. वातविकाराने आजारी पिलिंदवच्छासाठी तेलात मद्य घालून औषध करण्याची अनुज्ञा भगवंतांनी दिली होती. काही भिक्षूंनी मद्य जास्त घातले, तेव्हा त्याचा रंग, गंध आणि चव जाणवणार नाही इतकेच प्रमाण ठरविले. वैद्याने ठरविलेल्या मात्रेत घेतलेले औषध आणि प्रमादासाठी घेतलेले मद्य यांतील भेद विनयाला पूर्ण ठाऊक होता.

विम्याची भाषा

तिसरी भाषा विम्याची. 'कव्हरेज' म्हणजे कोणत्या उपचाराचा खर्च विमा कंपनी देईल याची मर्यादा. 'एक्सक्लूजन' म्हणजे ज्याचा खर्च मिळणार नाही ती बाब. 'वेटिंग पिरियड' म्हणजे पॉलिसी घेतल्यानंतर ठराविक आजारांचा खर्च मिळण्यापूर्वीचा काळ. आधीपासून असलेल्या आजारांसाठी हा काळ पूर्वी जास्तीत जास्त ४ वर्षे होता. २०२४ पासून तो जास्तीत जास्त ३ वर्षे केला आहे.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम २१ नुसार शारीरिक आजाराच्या बरोबरीने मानसिक आजाराच्या उपचारासाठी विमा उपलब्ध करणे प्रत्येक विमा कंपनीवर बंधनकारक आहे. याच कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू व मादक पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचाही समावेश केलेला आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना या कायद्याचे पालन करण्यास सांगितले. पुढे २०१९ साली त्याच प्राधिकरणाने प्रमाणित एक्सक्लूजनची यादी दिली. मानसिक आजार वगळता येणार नाही, असे तेव्हा ठरले. पण दारू, मादक पदार्थ किंवा कोणतीही व्यसनावस्था व तिचे परिणाम यांवरील उपचार वगळण्याची मुभा त्याच यादीत राहिली.

म्हणजे कायद्याची व्याख्या ज्याला आजार म्हणते, त्याला विम्याची पुस्तिका 'व्यसन' म्हणून दाराबाहेर ठेवू शकते. एकाच माणसाचे नैराश्य आत आणि दारू बाहेर. शिवाय समुपदेशन बहुधा रुग्णालयात दाखल न होता घेतले जाते, आणि अनेक पॉलिसी दाखल झालेल्या रुग्णाचाच खर्च देतात. सावरण्याचा सर्वांत लांब टप्पा अशा रीतीने खिशातून भागवावा लागतो. कौटिल्य आणि मनू यांच्या काळापासून चालत आलेला 'दुर्गुण' हा अर्थ अशा प्रकारे इंग्रजी कागदावरही जिवंत आहे, आणि आता त्याला रुपयांत मोजता येते.

यावर डॉक्टरांकडून निराळे निदान लिहवून घेणे हा मार्ग नव्हे. तो मुसावाद आहे, आणि उघडकीस आल्यास पॉलिसीही जाते. पॉलिसी घेण्यापूर्वी एक्सक्लूजनची यादी वाचावी, दावा नाकारला तर कारण लेखी मागावे, दोन आजार असतील तर कोणत्या उपचाराचा किती खर्च हे रुग्णालयाकडून वेगळे लिहून घ्यावे, आणि कंपनीने दाद न दिल्यास विमा लोकपालाकडे जावे. तेथे तक्रारीला शुल्क नाही. 'व्यसनावस्था' वगळण्याची मुभा आणि २०१७ च्या कायद्याची व्याख्या यांतील विसंगती दूर करावी, ही मागणी मात्र आपल्या संघटनांनी करावयाची आहे. घटनाकाराच्या अनुयायांना कायद्याचा शब्द वाचणे परके वाटू नये.

उपसंहार

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणता ना कोणता उपचार मिळतो, आणि १८० जणांपैकी एकाला रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळतो. उरलेल्या सदतीस जणांच्या वाट्याला बहुधा आपले शब्दच येतात.

म्हणून आमची सूचना साधी आहे. विहारातील भाषणांतून 'दारुडा' आणि 'वेडा' हे शब्द काढून टाकावेत. 'व्यसनी' ऐवजी 'दारूवर अवलंबून असलेली व्यक्ती' म्हणावे. शब्द लांब आहे, पण खरा आहे. 'पुन्हा घसरला' म्हणण्याऐवजी 'पुन्हा उपचार सुरू करावयाचा आहे' असे म्हणावे. वंदनेनंतर ज्या सूचना वाचल्या जातात, त्यांत जवळच्या शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाची वेळ आणि शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक वाचला जावा. आणि पाचवे शील ग्रहण करताना जो कालच प्याला होता, तोही रांगेत असेल तर त्याला तेथेच राहू द्यावे. 'समादियामि' म्हणण्याची गरज त्यालाच अधिक आहे.